एका दात्याचा फरक

ट्रकच्या मागच्या चाकांच्या मधोमध जो लोखंडी फुगवटा दिसतो, त्याच्या आत सगळी गंमत आहे. गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या टोकाला लहानसा पिनियन, आणि त्याच्याशी काटकोनात बसलेला, चाके फिरवणारा मोठा क्राउन. पिनियनला 6 दाते आणि क्राउनला 41 असतील, तर शाफ्टचे 6.83 फेरे झाल्यावर चाकाचा एक फेरा पुरा होतो. हा झाला अ‍ॅक्सल रेशो. पिनियन 7 दात्यांचा घेतला की तो 5.86 वर येतो. आपल्याकडच्या ट्रकांत हे दोन्ही रेशो आढळतात.

मोठ्या ट्रकचा टायर एका फेऱ्यात साधारण 3.2 मीटर अंतर कापतो. टॉप गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरत असतील, तर ताशी 60 किलोमीटरला 6.83 च्या गाडीचे इंजिन मिनिटाला सुमारे 2,130 फेरे घेते, 5.86 च्या गाडीला 1,830 पुरतात. आवाज कमी, घर्षण कमी आणि सपाट रस्त्यावर बहुधा डिझेलही कमी. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला. त्यावर रोज गाड्या पळवणाऱ्या मालकाला हा बदल खुणावणारच. मात्र त्याच बदलाने प्रत्येक गिअरमध्ये चाकाला मिळणारी ओढ 14 टक्क्यांनी घटते.

म्हणून घाटात चालवणारे मोठा रेशो मागतात. त्यांचे बरोबर आहे, पण त्याने गाडी घाट वेगाने चढते, हे अनेकदा सांगितले जाणारे कारण चुकीचे आहे. समजा, 25 टनांची गाडी 20 मीटरला 1 मीटर चढ असलेल्या रस्त्यावर आहे आणि इंजिन 180 अश्वशक्तीचे आहे. वाटेतली गळती वजा केली तर ती ताशी जेमतेम 29 किलोमीटरने चढेल. क्राउन कोणताही बसवा, हा आकडा फारसा हलत नाही, कारण दाते बदलून अश्वशक्ती वाढत नाही. ड्रायव्हर एक गिअर खाली उतरतो आणि तिथेच पोचतो. 2018 मध्ये तीन अ‍ॅक्सलच्या ट्रकची वजनमर्यादा 25 वरून 28.5 टन झाली. तेवढे वजन भरले की हाच वेग 26 वर येतो.

रेशोची खरी परीक्षा पहिल्या गिअरमध्ये होते. भरलेली गाडी चढणीवर थांबली आणि पुन्हा उचलायची वेळ आली, की खाली उतरायला गिअरच उरत नाही. तिथे 14 टक्के ओढ कमी पडली तर क्लच घसरतो, तापतो, वास येऊ लागतो. वरचेवर असे होणाऱ्या गाडीत डिझेलची बचत क्लचप्लेटच्या खर्चात जाते. म्हणून माझ्या मते मालकाने आधी एकच गोष्ट पाहावी: आपल्या मार्गावरच्या सर्वांत वाईट चढणीवर, पूर्ण लोडसह, गाडी पहिल्या गिअरमध्ये सहज उठते का?

41 हा आकडाही विचारपूर्वक निवडलेला आहे. ती मूळ संख्या असल्याने पिनियनचा प्रत्येक दाता क्राउनच्या प्रत्येक दात्याला आळीपाळीने भेटतो. तीच जोडी पुन्हा जुळायला पिनियनचे 41 फेरे लागतात. झीज सगळीकडे सारखी होते. कारखान्यात दोघांना एकमेकांवर घासूनच जुळवलेले असते, त्यामुळे बदलायचे तर दोन्ही बदलावे लागतात. चांगला मिस्त्री दात्यांना रंग लावून क्राउन फिरवतो आणि ठसा दात्याच्या मध्यावर उमटतो का ते पाहतो. ठसा कडेला सरकला तर शिम म्हणजे पातळ चकत्या कमी-जास्त करून पुन्हा फिरवतो.

शेवटचे काम हमखास राहून जाते. अनेक ट्रकांत वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सवर असतो आणि त्याला मागचा बदल कळत नाही. 6.83 काढून 5.86 बसवले, तर गाडी 60 ने धावत असताना काटा 51 दाखवतो. वेगनियंत्रक 80 वर लावलेला असेल तर तो गाडीला 93 पर्यंत जाऊ देतो. नव्या रेशोचा आकडा त्या यंत्रणेत भरून घेतल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढू नये.