युद्धकाळ आणि कॅथॉलिक वृत्तपत्रे

‘प्रोपागांडा’ या शब्दाला आज जो दर्प येतो तो मूळचा नव्हे. पोप पंधरावे ग्रेगरी यांनी १६२२ मध्ये धर्मप्रसारासाठी रोम येथे जे मंडळ स्थापिले, त्याच्या लॅटिन नावातील हा शब्द होय. गोमंतकीय वाचकांस तर तो ‘पाद्रोआदो’चा प्रतिपक्ष म्हणून परिचितच आहे. धर्मप्रसाराचा हा शब्द युद्धाच्या गाड्यास कसा जुंपला गेला, हे पाहावयाचे तर पहिल्या महायुद्धाकडे वळले पाहिजे.

१९१५ मध्ये पॅरिसच्या कॅथॉलिक विद्यापीठाचे प्रमुख आल्फ्रेद बोद्रियार यांच्या संपादकत्वाखाली एक ग्रंथ निघाला. जर्मनीचे युद्ध हे कॅथॉलिक धर्माच्याही मुळावर आलेले आहे, असे तटस्थ देशांतील धर्मबांधवांस पटवावे हा त्याचा हेतू. त्याच वर्षी जर्मन कॅथॉलिक पंडितांनी गेओर्ग फाइलशिफ्टर यांच्या संपादकत्वाखाली प्रत्युत्तर छापले. बेल्जममधील अत्याचार खरे होते. लूव्हाँचे ग्रंथालय ऑगस्ट १९१४ मध्ये खरोखरच जाळण्यात आले. परंतु सत्याची कैफियत मांडतानाही धर्मपीठ आपल्या सेनेच्या पाठीशी उभे करण्याचा मोह फ्रेंचांस आवरला नाही, आणि जर्मनांस तर सत्यही सोयीचे नव्हते. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १ ऑगस्ट १९१७ रोजी शांततेचे आवाहन केले, तेव्हा दोन्ही पक्षांत ते शत्रूला अनुकूल असल्याची ओरड झाली. त्याच वर्षी १० डिसेंबरला पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये सेर्तियांज या डोमिनिकन विद्वानाने, पोपमहाराजांची शांतता आम्हांस तूर्त स्वीकारता येत नाही, असे प्रवचनातून सांगून टाकले! एकच पोप, एकच उपासना. पण छापखाने मात्र ज्याच्या त्याच्या राष्ट्राचे.

दुसऱ्या महायुद्धात प्रश्न अधिक कठोर झाला. १९४१ च्या मध्यापर्यंत जर्मनीतील बहुतेक धार्मिक नियतकालिके कागदटंचाईच्या सबबीखाली बंद पडली होती. त्या उन्हाळ्यात म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी तीन प्रवचने दिली. ३ ऑगस्टच्या प्रवचनात मनोरुग्णांच्या हत्येचा उघड निषेध होता. ती छापणार कोण? लोकांनी ती हाताने व टंकलेखनयंत्रावर उतरवून एकमेकांस दिली. बिशपांच्या केसालाही धक्का लागला नाही. परंतु ती प्रसृत करण्यात भाग घेणारे ल्युबेकचे तीन कॅथॉलिक पाद्री आणि त्यांचे एक ल्यूथरपंथी सहकारी यांचा १० नोव्हेंबर १९४३ रोजी शिरच्छेद झाला. मूळ वक्त्यापेक्षा नक्कलकाराला अधिक किंमत मोजावी लागली, ही गोष्ट आम्हांस विशेष विचारार्ह वाटते.

तथापि छापणाऱ्याच्या जबाबदारीचा खरा कस लागला तो हॉलंडमध्ये. डिसेंबर १९४१ मध्ये व्यापलेल्या हॉलंडमधील वृत्तपत्रांस, नाझींच्या डच अनुयायी पक्षाच्या जाहिराती नाकारता येणार नाहीत, असे फर्माविण्यात आले. जाहिरात! अग्रलेख नव्हे, बातमीही नव्हे. अनेक संपादकांस ही तडजोड क्षुल्लक वाटली असती, कारण जाहिरातीचा मजकूर संपादकाचे मत मानला जात नाही. पण नायमेखेन विद्यापीठातील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, कार्मेलपंथीय टायटस ब्रांड्समा यांस तसे वाटले नाही. ते १९३५ पासून कॅथॉलिक पत्रकारांचे धार्मिक सल्लागार होते. या जाहिराती घेणारे पत्र कॅथॉलिक म्हणविण्यास पात्र नाही, मग पत्र बंद पडले तरी चालेल, असे परिपत्रक त्यांनी आर्चबिशप दे योंग यांच्या संमतीने काढले. आणि जानेवारी १९४२ मध्ये आगगाडीने गावोगाव जाऊन ते संपादकांस स्वतः समजावून सांगितले. साठीला टेकलेला, प्रकृतीने नाजूक असा हा गृहस्थ. छापखान्यातील नोकरांच्या पोटापाण्याचा प्रश्न त्याला दिसत नव्हता असे नव्हे. १९ जानेवारीस त्यांस अटक झाली. डच लोक, त्यातही कॅथॉलिक, या पक्षास का विरोध करितात हे लिहून द्या, असे त्यांस तुरुंगात सांगण्यात आले. त्यांनी ते लिहूनही दिले.

२६ जुलै १९४२ रोजी डाखाऊच्या छळछावणीत विषारी इंजेक्शनने त्यांचा अंत करण्यात आला. त्याच रविवारी हॉलंडच्या कॅथॉलिक चर्चमधून ज्यूंच्या हद्दपारीचा निषेध करणारे बिशपांचे पत्र वाचले गेले. आठवड्याच्या आत, २ ऑगस्टला, सूड म्हणून कॅथॉलिक झालेल्या ज्यूंची धरपकड झाली. तीत तत्त्वज्ञ व कार्मेलपंथीय संन्यासिनी एडिथ श्टाइन होत्या.