न्यायाधीश मवाळ की जहाल?

अमेरिकेत केंद्रीय न्यायाधीश व्हायचं, तर राष्ट्राध्यक्षांनी नाव सुचवून भागत नाही. सिनेटची मंजुरी लागते. आपल्याकडे कॉलेजियम बंद दाराआड नावं ठरवतं, तिथे कॅमेऱ्यांसमोर उमेदवाराची झाडाझडती होते. त्याने पूर्वी कुणाला किती शिक्षा ठोठावली, हा तर विरोधकांचा हुकमी एक्का. या झाडाझडतीतल्या काही भन्नाट गोष्टी!

५९पैकी ४१, तरीही 'मवाळ'
रॉनी व्हाइट हे मिसुरी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी १९९७मध्ये त्यांचं नाव केंद्रीय जिल्हा न्यायालयासाठी पाठवलं. हे गुन्हेगारांची बाजू घेतात, असा धोशा मिसुरीचेच सिनेटर जॉन अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी लावला. हिशेब काय सांगत होता? मृत्युदंडाच्या ५९ प्रकरणांपैकी ४१मध्ये व्हाइट यांनी शिक्षा कायम ठेवली होती! तरी ऑक्टोबर १९९९मध्ये ४५ विरुद्ध ५४ मतांनी नाव फेटाळलं गेलं.

दोरी कुणी बांधली?
व्हाइट यांना भोवलं मुख्यतः एक प्रकरण. चार खुनांच्या आरोपीला व्हिएतनाम युद्धातल्या आठवणींनी भ्रम झाला होता, असा बचाव होता. त्याने गॅरेजभोवती दोरी आणि डबे बांधून नाकेबंदी केली, हा त्याचा पुरावा. खटल्यात उघड झालं, की ती दोरी पोलिसांनीच बांधली होती! वकिलाने साधी चौकशीही केली नव्हती. अशा बचावाला न्याय्य सुनावणी म्हणायचं कसं, असं व्हाइट यांनी एकट्याने लिहिलं. सिनेटमध्ये वकिलाची घोडचूक मागे पडली, चार खून तेवढे गाजले.

दिवंगत उमेदवाराकडून हार
पुढच्याच वर्षी अ‍ॅशक्रॉफ्ट स्वतः निवडणूक हरले, तेही मेल कार्नाहन यांच्याकडून. कार्नाहन मतदानाच्या तीन आठवडे आधी विमान अपघातात गेले होते, पण मतपत्रिकेवर त्यांचं नाव कायम होतं. व्हाइट यांना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात नेमलं होतं ते याच कार्नाहन यांनी, गव्हर्नर असताना! २००१मध्ये अ‍ॅशक्रॉफ्ट यांचं नाव अ‍ॅटर्नी जनरलपदासाठी आलं, तेव्हा सिनेट समितीपुढे साक्षीला व्हाइट हजर. आणि २०१४मध्ये, ओबामांच्या काळात, ज्या न्यायालयाचं दार बंद झालं होतं, तिथेच व्हाइट ५३ विरुद्ध ४४ मतांनी रुजू झाले.

शिक्षेचं रेडी रेकनर
एकाच गुन्ह्याला एका न्यायाधीशाकडून दोन वर्षं आणि दुसऱ्याकडून दहा, हा प्रकार थांबवण्यासाठी १९८४च्या कायद्याने शिक्षा आयोग नेमला. १९८७पासून एक तक्ता लागू झाला: गुन्ह्याच्या गांभीर्याचे ४३ स्तर, पूर्वेतिहासाचे ६ गट, एकूण २५८ चौकटी. घरांच्या किमतीसाठी आपल्याकडे रेडी रेकनर असतं, तसंच हे. चौकटीवर बोट ठेवा, महिने वाचा. २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'बुकर' खटल्यात हा तक्ता बंधनकारक नाही, फक्त सल्ला आहे, असं ठरवलं.

गुरू-शिष्या
आयोगाच्या पहिल्या फळीत होते स्टीफन ब्रेयर. पुढे ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तक्ता सल्ल्यापुरता ठेवणारा निकालाचा भागही त्यांनीच लिहिला. त्यांच्याकडे क्लार्क म्हणून काम केलेल्या केटांजी ब्राउन जॅक्सन नंतर त्याच आयोगाच्या उपाध्यक्ष झाल्या, आणि २०२२मध्ये ब्रेयर यांच्याच जागी त्यांचं नाव आलं.

९७, २४, ३
जॅक्सन यांच्या सुनावणीत हे तीन आकडे गाजले. मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रं बाळगणाऱ्या एका तरुणाला तक्त्याप्रमाणे किमान ९७ महिने होत होते. खुद्द सरकारी वकिलांनी मागितले २४. जॅक्सन यांनी दिले ३. सिनेटर जॉश हॉली यांनी असेच निकाल वेचून तोफ डागली. पण अशा खटल्यांत बहुतेक न्यायाधीश तक्त्याच्या खालीच उतरतात. कारण? कॉम्प्युटर वापरला तर शिक्षा वाढवण्याचा नियम इंटरनेटपूर्व काळातल्या विचारातून आला. आज तो ९५ टक्क्यांहून जास्त खटल्यांना लागू पडतो. जॅक्सन यांच्या नेमणुकीला विरोध असलेले माजी सरकारी वकील अँड्र्यू मॅकार्थी यांनीही हॉलींचा आरोप निराधार ठरवला. समितीत ११–११ अशी बरोबरी झाली. सिनेटमध्ये तीन रिपब्लिकनांच्या साथीने जॅक्सन ५३–४७ने जिंकल्या.

पक्ष ओळखा पाहू!
२०२४चा 'पल्सिफर' खटला. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात किमान सक्तीच्या शिक्षेतून सूट कुणाला मिळणार, हा प्रश्न. सवलत आखडती घेणारा ६–३चा निकाल लिहिला डेमोक्रॅट ओबामांनी नेमलेल्या एलेना केगन यांनी. जास्त कैद्यांना सवलत मिळावी म्हणून विरोधी मत लिहिलं रिपब्लिकन ट्रम्प यांनी नेमलेल्या नील गॉर्सच यांनी. त्यांच्या बाजूने न्यायाधीश सोनिया सोटोमायर आणि जॅक्सन! आता सांगा, मवाळ कोण आणि जहाल कोण?