जागती वीज

संगणक कक्षाला किंवा विद्युत उपकेंद्राच्या खोलीला आग लागली, तर तेथे पाणी मारून चालत नाही. अशा ठिकाणी कार्बन डाय-ऑक्साइडसारखा वायू सोडून आग विझवतात. खोलीतील त्याचे प्रमाण निदान 34 टक्क्यांवर न्यावे लागते. माणूस मात्र याच्या निम्म्या प्रमाणातही बेशुद्ध पडून दगावू शकतो. म्हणजे आगीत वायू सुटलाच पाहिजे, आणि एरवी चुकूनही सुटता कामा नये!

यासाठी खोलीत आग-शोधकांची दोन स्वतंत्र मंडले बसवतात. एकानेच धूर टिपला तर फक्त घंटा वाजते. दुसऱ्यानेही टिपला, की भोंगा सुरू होतो, वायुवीजन बंद होते आणि माणसांना बाहेर पडायला साधारण अर्धा मिनिट देऊन मगच विद्युतचुंबक सिलिंडरची झडप उघडतो.

पण वीजच गेली तर? नियंत्रण पेटीत 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडलेल्या असतात. त्या केवढ्या हव्यात? समजा, नुसत्या पहाऱ्याला 0.25 अँपिअर प्रवाह लागतो. 24 तासांचे झाले 6 अँपिअर-तास. भोंगा व झडपेला 2 अँपिअर, 5 मिनिटे. हे जेमतेम 0.17. बॅटरी खर्च होते ती वाट पाहण्यात! जुनी बॅटरी क्षीण होते, म्हणून पाव भाग जास्त धरून 8 अँपिअर-तास घ्यावी.

तार तुटली तर? तारेच्या शेवटी 4700 ओहमचा रोध असेल, तर 24 व्होल्टला सुमारे 5 मिलिअँपिअर प्रवाह सतत वाहतो. झडप उघडायला तो पुरत नाही. पण तो थांबला की तार तुटल्याचे पेटीला कळते.

तरीही पेटीवर विसंबू नये. अमेरिकेत आयडाहो येथील अणुसंशोधन केंद्रात 28 जुलै 1998 रोजी देखभालीसाठी वीज बंद करण्याचे काम चालू होते. वायुयंत्रणा पेटीवरून बंद केली होती, पण वायूची वाट प्रत्यक्ष अडवलेली नव्हती. भोंगा न वाजताच वायू सुटला. तेथे असलेल्या 13 जणांपैकी एकाचा मृत्यू झाला. म्हणून कामाआधी वायूच्या वाटेत यांत्रिक अडसर हवाच.

वर्गात 9 व्होल्टची बॅटरी, मिलिअँमीटर आणि 1000 ओहमचे दोन रोध एकसरीत जोडा. काटा 4.5 वर येईल. आता एक तार काढा. मग ती पुन्हा जोडून एका रोधाची दोन्ही टोके तारेने सांधा. दोन्ही वेळी काटा कोठे जातो, हे विद्यार्थ्यांना आधी गणिताने सांगू द्या.