लखोबाला भुलणारे आपण

आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ (१९६२) हे नाटक बघताना सगळी वाहवा प्रभाकर पणशीकरांच्या पाच वेषांना मिळायची, आणि ती योग्यच होती. पण फसवणुकीबद्दल अत्र्यांना काय वाटतं, हे कळायला त्या वेषांची निवड नीट पाहायला हवी.

निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे लोकांना गाठतो तो दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, राधेश्याम महाराज अशी रूपं घेऊन. म्हणजे चांगलं घराणं, लष्करी रुबाब, बुवाबाजी. हे मुखवटे तो हवेतून काढत नाही. आपला समाज ज्यांच्यापुढे चौकशी न करता मान तुकवतो, नेमकी तीच ही माणसं! मुलीच्या लग्नाच्या काळजीनं पोखरलेल्या घराला ‘चांगलं स्थळ’ दिसलं की पुढचं काम सोपं होतं. फसवणारा हुशार असतोच, पण अत्र्यांचा रोख त्याला दार उघडून देणाऱ्या प्रतिष्ठेच्या वेडावर आहे, असं मला ठामपणे वाटतं.

नाटकाची रचनाही तेच सांगते. लखोबावर खटला चालतो, साक्षीदार कोर्टात बोलू लागतात, फिरता रंगमंच वळतो आणि त्यांची हकिगत समोर घडते. लखोबाचे कारनामे आपल्याला दिसतात ते फसलेल्यांच्या साक्षीतून. वर तो वकील न घेता स्वतःच उलटतपासणी घेतो, आणि ज्यांना लुबाडलं त्यांनाच खोटं पाडायला बघतो. फसवणुकीचा हा दुसरा घाव मला पहिल्याहून क्रूर वाटतो.

नाटकाला माधव काझीच्या खऱ्या खटल्याचा आधार होता. संहिता मिळाली तर जरूर वाचा, विशेषतः उलटतपासणीचे प्रवेश.