पालीच्या पोटाकडून

दिवाळीची साफसफाई निघाली की घरातला अर्धा जीवशास्त्राचा धडा केरात जातो. प्राणी दाखवायला मुलांना ताडोबाला न्यायचं आणि घरातल्यांवर मात्र झाडू उगारायचा, ही आपली रीत. यंदा झाडू हातात घेण्याआधी एक संध्याकाळ मुलांना द्या.

सुरुवात पालीपासून करावी. दिवा लागलेल्या खिडकीच्या काचेवर ती बाहेरून बसली, की आतून तिचं पोट दिसतं. कातडी इतकी पातळ असते की मादीच्या पोटात अंडी असली तर पांढरे गोळे ओळखू येतात. मुलांना बोटांचे तळवे बघायला सांगा. तिथे आडव्या पट्ट्या असतात आणि त्यांवर नुसत्या डोळ्यांना न दिसणारे केस. टोके गेको या तिच्या थोराड नातलगाच्या एकेका पावलावर असे सुमारे ५ लाख केस असतात आणि प्रत्येकाचं टोक पुन्हा शेकडो टोकांत फुटलेलं. जीवशास्त्रज्ञ केलर ऑटम आणि सहकाऱ्यांनी २००० साली एका सुट्या केसाची पकड मोजली. पायाला चिकटा नाही. भिंतीचे आणि केसांचे रेणू अगदी जवळ आल्यावर एकमेकांना ओढतात, त्याच ओढीवर पाल तरते. पाय सोडवताना बोट टोकाकडून वर वळवते. कोरड्या टेफ्लॉनवर मात्र तिची डाळ शिजत नाही.

मेलेला कोळी पाय आवळून का पडतो, हे मुलांनाच विचारा आणि उत्तराची घाई करू नका. कोळ्याच्या पायांतल्या मुख्य सांध्यांना दुमडणारे स्नायू असतात, ताणणारे नसतात. पाय सरळ होतात ते शरीरातल्या द्रवाच्या दाबाने. जीव गेला, दाब गेला.

माझी सगळ्यांत आवडती मात्र कुंभारीण. चौकटीच्या कोपऱ्यात, फोटोमागे मातीची घरं लिंपणारी, बारीक कमरेची माशी. कुणी अळ्या आणते, कुणी कोळी. डंख मारून भक्ष्य लुळं करायचं, मारायचं नाही. म्हणजे पिल्लाला ताजं अन्न मिळतं. अंडं घातलं, खोली भरली, की तोंड लिंपून ती निघून जाते. आत अळी जाते आणि बाहेर माशी येते, हे आपल्या पूर्वजांनीही पाहिलं होतं. माशीच्या ध्यासाने अळीच माशी झाली, असा दृष्टान्त त्यातूनच आला. निरीक्षण चोख, फक्त आत अळ्या दोन प्रकारच्या, एक भक्ष्य आणि दुसरी माशीचं पिल्लू, हे भिंतीआड राहिलं.

फ्रान्समध्ये कीटकशास्त्रज्ञ झां-आंरी फाब्र यांनी अशाच एका माशीचं अर्धवट घरटं भिंतीवरून काढून घेतलं. ती माती घेऊन परतली आणि रिकाम्या भिंतीवरच गिलावा करत राहिली. एवढी हुशार कारागीर, पण काम कुठे गेलं हे तिच्या गावीही नाही! मुलांना हा किस्सा हमखास आवडतो.

घरट्याला भोक पडलं असेल तर राहणारा उडून गेला, खुशाल खरवडा. बंद असेल तर तेवढी जागा रंगाविना राहू द्या आणि मुलांना पहारा नेमून द्या. एखादे वेळी बाहेर पडते ती कुंभारीण नसतेच. दुसऱ्याच्या घरट्यात गुपचूप अंडं घालणाऱ्या, चकचकीत हिरव्यानिळ्या माशीची लेक असते.