मुक्या इंग्रजीचा कट्टा

दिवाळी अंकाच्या संपादकांना शांघायचे उंच मनोरे हवे होते. दोन दिवस मान वर करून मनोरे पाहिले, टिपणं काढली. तिसऱ्या दिवशी, २०१९च्या एप्रिलमधल्या एका रविवारी, मान आखडली म्हणून पीपल्स पार्कमधल्या बाकावर टेकलो. पाचच मिनिटांत सत्तरीचे एक गृहस्थ समोर उभे राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, "जेवलात का?"

दुपारचे तीन वाजले होते. लंडनहून आलेल्या माणसाला हे जेवणाचं आमंत्रण वाटलं असतं. मला आजी आठवली. चिनी माणूस ओळखीचं कुणी दिसलं की 'छर् ल मा?' असं विचारतो, म्हणजे 'जेवलास का?', आणि उत्तरासाठी फारसा थांबत नाही. आजीही थांबत नसे. मी "हो, जेवलो" म्हणालो आणि सरकून जागा दिली.

नकळत मी शांघायच्या 'इंग्लिश कॉर्नर'मध्ये येऊन बसलो होतो. आजूबाजूला झाडांखाली पाच-पाच, सहा-सहा जणांची कोंडाळी होती आणि प्रत्येक कोंडाळ्यात इंग्रजी चाललं होतं. सगळे चिनीच. आपल्याकडे याला कट्टा म्हणतात, फक्त आपल्या कट्ट्यावर कुणी मुद्दाम परक्या भाषेत गप्पा मारत नाही.

ही जागा म्हणजे एके काळचं इंग्रजांचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. क्रांतीनंतर, १९५२ साली, तिथे बाग झाली. सांस्कृतिक क्रांतीच्या वर्षांत परकी भाषा बोलणं अंगाशी येण्यासारखं होतं. १९७७मध्ये दहा वर्षं बंद असलेली कॉलेजची प्रवेशपरीक्षा पुन्हा सुरू झाली, पाठोपाठ देशाची दारं किलकिली झाली. पुस्तकातलं इंग्रजी येत होतं, पण ते बोलायचं कुणाशी? अशी माणसं बागांतून जमू लागली. या आजाराला चिनीत नावच आहे, 'याबा यिंग्यू', म्हणजे मुकं इंग्रजी. व्याकरण तोंडपाठ आणि तोंड बंद. १९८२पासून बीबीसीचा 'फॉलो मी' हा कार्यक्रम तिथल्या टीव्हीवर दिसू लागला. पुढे ली यांग नावाच्या गृहस्थांनी मैदानं भरवून, हजारोंना एका सुरात ओरडायला लावून, 'क्रेझी इंग्लिश' विकलं. बागेतल्या कोपऱ्यात मात्र ना फी, ना मास्तर.

माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांना आपण काका म्हणू. कारखान्यातून निवृत्त झालेले. इंग्रजी थोडं रेडिओवरून, थोडं 'फॉलो मी'वरून उचललेलं. पहिल्या तीन मिनिटांत त्यांनी माझं वय, पगार, घर स्वतःचं की भाड्याचं आणि मुलं किती, हे सगळं काढून घेतलं. इंग्रजी संभाषणाच्या कुठल्याही पुस्तकात हे प्रश्न विचारू नयेत असं लिहिलेलं असतं. पण पॅसेंजर गाडीत समोरच्या बाकावरच्या माणसाला हेच सांगत मी लहानाचा मोठा झालो आहे. मीही त्यांचं पेन्शन विचारलं. त्यांनी आकडा सांगितला आणि मग मुलाची चिंता.

"ही इज थर्टी वन. नॉट मॅरीड. ही इज अकाउंटंट. ही इज ब्यूटिफुल."

मी सहानुभूतीनं मान हलवली. आमच्याकडेही मुलांना मुली मिळत नाहीत, म्हणालो. काका गोंधळले. त्यांनी समोर बोट दाखवलं. त्याच बागेत, हाकेच्या अंतरावर, शनिवार-रविवारी लग्नाचा बाजार भरतो. आईबाप उघड्या छत्र्या जमिनीवर मांडतात आणि त्यांवर उपवर मुलामुलींचे कागद लावतात: जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार. आपल्या वधूवर मेळाव्यात आणि यात फरक एवढाच, की मेळाव्यात निदान मुलगा-मुलगी हजर असतात. काकू तिथे छत्रीपाशी बसल्या होत्या. काका तासाभरासाठी इकडे सटकले होते. मी त्यांच्याबरोबर छत्रीपर्यंत गेलो. तिच्यावर कागद होता तो मुलीचा.

काकांची ही चूक त्यांची एकट्याची नाही. चिनी बोलण्यात तो, ती, ते या तिघांनाही 'ता' म्हणतात. 'ती'साठी लिहायचं वेगळं अक्षर १९२०च्या सुमारास रूढ होऊ लागलं, पण उच्चार तोच राहिला. त्यामुळे बोलताना बायको 'ही' होते आणि साहेब 'शी'. आम्ही मराठी लोक टेबलाला 'ते' आणि खुर्चीला 'ती' म्हणतो, हे सांगितल्यावर काकांनी विचारलं, "टेबलानं काय केलं म्हणून?" मला उत्तर देता आलं नाही.

मग त्यांनी वही काढली. एका रकान्यात 'व्ही'चे शब्द, दुसऱ्यात 'डब्ल्यू'चे. चिनी प्रमाणभाषेत 'व्ही' नाही. इंग्रजांनी दीडशे वर्षं राज्य केलेल्या देशातला माणूस हाती लागलेला, तेव्हा 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' म्हणून दाखवा, असा आग्रह झाला. मी म्हणून दाखवले. त्यांनी पुन्हा म्हणायला लावले. दोन्ही अगदी सारखे आले. काकांनी सभ्यपणे वही मिटली.

पण भारत म्हटल्यावर त्यांनी आपणहून एक नाव घेतलं: के दिहुआ. हे म्हणजे आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८मध्ये काँग्रेसनं पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले आणि १९४२च्या डिसेंबरात, बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. पथकातल्या पाचही जणांनी चिनी नावं घेतली आणि प्रत्येकाच्या शेवटी 'हुआ', म्हणजे चीन, लावलं. कोटणिसांच्या मुलाचं नाव इनहुआ: 'इन' भारताचा, 'हुआ' चीनचा. आज त्या कोपऱ्यात जो तो एखादं इंग्रजी नाव लावून येतो. सोलापूरकरानं ते उलट्या बाजूनं ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी केलं होतं. काकांना 'कोटणीस'मधला 'ण' काही जमला नाही. मला 'के दिहुआ'चे सूर जमले नाहीत. आम्ही बरोबरीत सुटलो.

त्या दुपारीही सारं आलबेल नव्हतं. एक उंच गोरा तरुण आला आणि चार कोंडाळी फुटून त्याच्याभोवती एकच झालं. तोच तो प्रश्न, चीन आवडला का? वीस मिनिटांत तो घामाघूम होऊन निसटला. क्लासवाल्यांची माणसं पत्रकं वाटत फिरत होती. तरुण मंडळी थोडी होती. त्यांना काकांचं इंग्रजी नको होतं, गोऱ्याचं हवं होतं. माझं तर कुणालाच नको होतं.

नंतरची वर्षं वाईट गेली. २०२०मध्ये साथीमुळे चीननं परदेशी लोकांना दारं लावून घेतली, ती २०२३मध्ये उघडली. मधल्या काळात, २०२२च्या वसंतात, शांघाय दोन महिने घरात कोंडलं गेलं. २०२१मध्ये सरकारनं शाळेच्या विषयांच्या नफेखोर शिकवण्यांवर बडगा उगारला आणि शांघायच्या प्राथमिक शाळांतली इंग्रजीची सत्रान्त परीक्षा काढून टाकली. जी भाषा बोलता यावी म्हणून माणसं उन्हात उभी राहत होती, तिचं वजन कमी झालं. भारत आणि चीनमधली थेट विमानंही पाच वर्षं बंद होती. ती २०२५च्या ऑक्टोबरात सुरू झाली.

आणि आता फोन आहे. तुम्ही मराठीत बोला, तो चिनीत बोलतो. सोय मोठी आहे, तिला नावं ठेवणार नाही. पण त्या दुपारी माझ्या हातात तो फोन बरोबर भाषांतर करत असता, तर काकांची मुलगी पहिल्याच वाक्यात मुलगी ठरली असती. मी छत्रीपर्यंत गेलो नसतो, आणि टेबलानं काय केलं हा प्रश्न मला अजून पडला नसता. इंग्रजी आमच्यापैकी कुणाचंच नव्हतं. म्हणून चुकताना लाज वाटली नाही, आणि चुकलो तिथेच एकमेकांचं घर दिसलं.

शांघायला गेलात तर मनोरे बघाच. पण पीपल्स पार्कसाठी रविवारची दुपार राखून ठेवा. आपला पगार किती सांगायचा हे आधी ठरवून जा. आणि कुणी मुलीला 'ही' म्हणालं, तर लगेच दुरुस्त करू नका.