मोटारसायकलची साखळी : झीज वेळीच कशी ओळखावी?

मुलांना शाळेत पोहोचवून ज्या मोटारसायकलवरून आपण कामावर जाता, तिच्या इंजिनाचे बळ मागील चाकापर्यंत नेण्याचे काम बहुधा एक साखळीच करीत असते. हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली मँचेस्टर येथे तयार केलेल्या साखळीचीच मूळ रचना आजही चालत आली आहे.

साखळी सैल पडली म्हणजे तिचे पोलाद ताणले गेले, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः झिजतात ते सांधे. प्रत्येक सांध्यात एक पिन बारीक नळीत फिरते. तेल आटले आणि धूळ शिरली की दोन्ही एकमेकींवर घासतात. एका सांध्यात एक दशांश मिलिमीटर झीज झाली, तरी ११८ कड्यांच्या साखळीत ती सुमारे १२ मिलिमीटर भरते. म्हणून साखळी पुन्हा पुन्हा ताणून घेतल्याने झीज केवळ झाकली जाते. भरून निघत नाही.

ही झीज ओळखणे कठीण नाही. मागील चक्राच्या पाठीमागच्या टोकाशी साखळी बोटांनी ओढून पाहा. ती अर्धा दात उघडा पडेल इतकी सुटत असेल, तर ती झिजली आहे. चक्राचे दात आकड्यासारखे वाकडे किंवा टोकदार झालेले असणे, चाक फिरविताना साखळी कोठे सैल तर कोठे घट्ट लागणे, एखादी कडी न वळणे, याही खुणाच होत. निश्चिती हवी असल्यास मोजपट्टी घ्या. अनेक लहान गाड्यांच्या साखळीत दोन पिनांमधील अंतर १२.७ मिलिमीटर असते. अशा नव्या साखळीच्या २० कड्या ताणून मोजल्यास २५४ मिलिमीटर भरतात. हे माप २५९ च्या घरात गेले, की साखळी व दोन्ही चक्रे एकदमच बदलावी. जुन्या दातांवर नवी साखळी लवकर झिजते.

निगा राखण्यास फार वेळ लागत नाही. साधारण ५०० किलोमीटरनंतर, आणि पावसात गाडी भिजल्यावर लगेच, गाडी मधल्या स्टँडवर उभी करावी. साखळी रॉकेलने पुसून वाळू द्यावी, पेट्रोल वापरू नये. मग ९० क्रमांकाचे गिअर तेल खालच्या पदराच्या आतील बाजूस सोडावे, म्हणजे फिरताना ते सांध्यांत उतरते. चाक हातानेच फिरवावे. इंजिन चालू ठेवून हे काम करणाऱ्यांची बोटे चक्रात सापडतात, हे विसरू नये. साखळीचा ढिलेपणा गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावा. फार घट्ट साखळीने बेअरिंगे खराब होतात. जोडकडीच्या क्लिपचे बंद टोक साखळीच्या गतीच्या दिशेस असावे.

धावत्या गाडीची साखळी तुटून चाकात अडकली, तर मागे बसलेल्या कुटुंबीयांनाही त्याची झळ पोहोचते. तेव्हा येत्या सुटीच्या दिवशी गाडी धुण्यापूर्वी ती साखळी एकदा ओढून पाहाल ना?